बाहेरची खोली सगळ्यांना द्यायची आहे

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) : पत्रलेखिका ६१ वर्षांच्या आहेत. विलेपार्ले पूर्वेला, एका तीन मजली जुन्या सोसायटीत, तळमजल्यावरच्या ४६० चौरस फुटांच्या घरात एकट्या राहतात. एटीडी (कलाशिक्षक पदविका) करून त्यांनी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. यजमान असतानाच त्यांनी बाहेरच्या खोलीचा स्टुडिओ केला. सोफा आणि टीव्ही आतल्या खोलीत गेले, बाहेर कॅनव्हास टेकवायचा ईझल, दोन रॅक, कॅनव्हास आणि रंगांचं कपाट आलं. यजमान जाऊन दोन वर्षं झाली. आता ही खोली परिसरासाठी उघडावी, मुलांनी, ज्येष्ठांनी, घरकामाला येणाऱ्या बायकांच्या मुलींनी येऊन चित्रं काढावीत, छोटी प्रदर्शनं व्हावीत असं त्यांच्या मनात आहे. बेंगळुरूला असलेला मुलगा म्हणतो, खोली पेइंग गेस्टला दे, पैसेही येतील आणि सोबतही होईल. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यातच सुनावलं, "हे रेसिडेन्शियल आहे, उद्या कोणीही आत शिरेल." एका मैत्रिणीचा आग्रह आहे की ट्रस्ट काढून घर त्याच्या नावावर करावं. उत्साह दाखवणारे एकच, तिसऱ्या मजल्यावरचे रेल्वेतून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन (आराखडे काढणारे). ते येता-जाता खिडकीशी थांबतात आणि "आज काय काढताय?" असं विचारतात. त्यातच इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "मी आता कुठे फारशी चित्रं काढते? खोली नुसती पडून आहे. मुंबईत एवढी जागा एकटीने अडवून बसायची लाज वाटते. काय करू?"

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं. त्यातली जवळजवळ दोन पानं खोलीबद्दल आहेत. सकाळी उजेड कुठून येतो, दुपारी मागच्या आंब्याची सावली कोणत्या भिंतीवर सरकते, पावसाळ्यात कोणता कोपरा ओल धरतो आणि तिथे कागदाचा गठ्ठा का ठेवायचा नाही, सगळं आलंय. स्वतःच्या चित्रांबद्दल मात्र एकच ओळ, आणि तीही प्रश्न म्हणून. तिच्यापुढे लगेच, खोली नुसती पडून आहे. पडून असलेल्या खोलीतली सावली एवढी कोणाच्या लक्षात राहत नाही हो. तुम्ही रोज तिथे जाऊन बसता असा माझा अंदाज आहे. बसता, काढत काही नाही, आणि उठून आत जाताना ती लाज वाटते.

म्हणून आधी एवढंच विचारते : तुम्हाला खोलीत माणसं हवी आहेत, की तो रिकामा ईझल डोळ्यांसमोरून हलायला हवा आहे? दोन्ही असू शकतं, त्यात गैर काही नाही. नोकरी संपली, घरातलं माणूस गेलं, शाळेची घंटा आणि वर्गातला गलका एकदम थांबला. माणसांची ओढ लागणारच. पण चित्र थांबल्याचं दुखणं निराळं आहे आणि खोलीत पंधरा जण आणून बसवले म्हणून ते जायचं नाही. रोज दुसऱ्यांचे ब्रश धुताना ते वाढेल, अशी मला भीती वाटते.

लाजेचं म्हणाल, तर शिक्षकाच्या पगारातून हप्ते फेडून घेतलेलं घर आहे ते. पण आपण मुंबईकर चौथ्या सीटच्या संस्कारात वाढलेलो. तिघींच्या बाकावर चौथी आली की सरकायचं, नाही सरकलं तर आपणच अपराधी. मात्र लोकलमध्ये एकदा नीट बघा. चौथीला जागा देताना कोणी उठून उभं राहत नाही. तिघी जरा जरा सरकतात, ती टेकते, आणि बोरिवली येतं. तुम्ही सांगितलेल्या बेतात रोज संध्याकाळी चार ते आठ खोली उघडी, रविवारी दिवसभर, रॅक काढून भिंती प्रदर्शनाला मोकळ्या, आणि तुमचा ईझल आतल्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी. म्हणजे तुम्ही सरळ उठून उभ्याच राहिलात की.

आता एक अगदी घरगुती प्रश्न. आलेली माणसं बाथरूमला कुठे जाणार?

हसू नका. घरातलं कुठलंही सार्वजनिक काम मोडतं ते इथे. तुमच्या घरासारख्या जुन्या पार्लेकर घरांत बाथरूम स्वयंपाकघराच्या बाजूला, आतल्या खोलीतून जाऊन. म्हणजे येणारा प्रत्येक जण तुमच्या पलंगावरून, वाळत घातलेल्या कपड्यांवरून, औषधांच्या डब्यावरून आणि यजमानांच्या फोटोवरून जाणार. पहिल्या आठवड्यात काही वाटणार नाही. तिसऱ्या महिन्यात तुम्ही आतलं दार लोटून घ्याल, सहाव्यात कडी लावाल, आणि मग बाहेरच्यांना कळेल की बाईंना आता त्रास व्हायला लागलाय. कोणी काही बोलणार नाही. येणं कमी होईल. हे सगळं टाळायचं तर बैठक दोन तासांची ठेवायची आणि सुरुवातीची माणसं पाच मिनिटांत स्वतःच्या घरी जाऊ शकतील अशी, म्हणजे तुमच्याच गल्लीतली घ्यायची. ‘अख्ख्या पार्ल्यासाठी’ वगैरे नंतर बघू.

मी हे पुस्तकी सांगत नाही. आमच्या घरी चार वर्षं दर शनिवारी वाचनाची बैठक भरायची. पहिल्या वर्षी मी वाचायचे आणि चहाही करायचे. दुसऱ्या वर्षी चहा करता करता ऐकायचे. चौथ्या वर्षी एका नव्या माणसाने कप घेताना मला अगदी प्रेमाने विचारलं, "तुम्ही पण वाचता का?" त्याची काही चूक नव्हती. दाराची किल्ली, गॅसची शेगडी, खुर्च्या, पुस्तकांची यादी, सगळं माझ्याकडे होतं. बाकीचे चार वर्षं पाहुणेच राहिले. पाहुणा फार तर कप उचलून मोरीत ठेवतो, धुवायला बसत नाही. त्यानंतरच्या आठवड्यात मी बैठक बंद केली आणि आश्चर्य म्हणजे दोघातिघांनाच वाईट वाटलं. मी फुकटचा चहा आणि पंखा देत होते, बैठक तयारच झाली नव्हती.

तुमच्या पत्रात ‘सगळ्यांसाठी’ हा शब्द अकरा वेळा आलाय (हो, मोजले). ‘कोणाबरोबर’ एकदाही नाही. खोली तुमची, रंग तुमचे, वेळ तुमचा, शिकवणार तुम्ही, आवरणार तुम्ही. शाळेत हेच ३१ वर्षं केलंत आणि चांगलं केलंत, पण शाळेत निदान शिपाई होता.

या शहरात घरातून, उसन्या जागेतून कलेची ठाणी उभी राहिली आहेत, त्यातली दोन तुम्हाला ठाऊक असतीलच. वॉर्डन रोडवरचा नामवंत वकील भुलाभाई देसाईंचा बंगला. १९४६ साली ते गेले आणि पुढे तिथे भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट झाली. पन्नास-साठच्या दशकांत हुसेन आणि गायतोंडे हे चित्रकार तिथे काम करत, अल्काझींच्या नाटकाच्या तालमी चालत, रविशंकरांचं किन्नर संगीत विद्यालय तिथेच. आपण हे ऐकलं की डोळ्यांसमोर सगळे एका सतरंजीवर बसून गप्पा मारताहेत असं चित्र येतं. पण विचार करा, गायतोंड्यांसारखा एकांतप्रिय माणूस तिथे टिकला कसा? त्याला स्वतःचा कोपरा होता म्हणून. येता-जाता शेजारचं नाटक, पलीकडची सतार कानावर पडायची, आणि दार लोटलं की कॅनव्हास आणि तो. तुमचा ईझल पलंगाशी हलवायचा बेत मला म्हणूनच पटत नाही. (बंगला आज नाही, रस्त्याला नाव तेवढं आहे. आणि आपल्याकडे बंगला नाही, हेही खरंच!)

दुसरं छबिलदास. ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था १९७१ मध्ये निघाली. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे ही मंडळी. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात त्यांनी प्रायोगिक नाटकं सुरू केली. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. हॉल त्यांच्या मालकीचा कधीच नव्हता, तरी अख्ख्या चळवळीला नाव पडलं त्या शाळेचं. पुढे मुक्काम हलला, माहीमच्या महापालिका शाळेत गेला, आणि काम चालू राहिलं, कारण ते चालवणारी माणसं खोलीबरोबर संपली नाहीत. तुमची इमारत दोन-तीन वर्षांत पाडली जाण्याची शक्यता आहे, तेव्हा हे उदाहरण तुमच्या जास्त जवळचं. भिंतींवर खर्च करू नका. नवे दिवे, फॉल्स सीलिंग, भिंतीभर सॉफ्टबोर्ड, काही नको.

आता एकेक पर्याय घेऊ.

मुलाचा पेइंग गेस्टचा. तुम्ही त्याच्यावर रागावलात असं दिसतं. मी त्याचं वाक्य दोनदा वाचलं, त्यात ‘पैसे’ आधी आणि ‘सोबत’ नंतर आलंय, पण त्याला काळजी सोबतीची आहे. तो बेंगळुरूत बसून रात्री फोन लागला नाही तर काय, याचा विचार करतोय. पैशांची खरंच गरज असेल तर पर्याय वाईट नाही, लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवायचा, पोलिसांना कळवायचं, सोसायटीला कळवायचं, झालं. पण तुम्ही लिहिलंय की पेन्शनमध्ये नीट भागतं. मग त्याला सांगा, सोबतीची सोय मी वेगळी करते आहे. आणि खोलीत जे कोणी चित्रं काढायला येतील त्यांतल्या दोघांचे फोन नंबर त्याला देऊन ठेवा. बघा, त्याचा विरोध अर्ध्यावर येतो की नाही.

मैत्रिणीचा ट्रस्टचा. इथे मी जरा कडक बोलते. ट्रस्ट म्हणजे लेटरहेड नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी करायची, दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, आणि या सगळ्यासाठी वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाच्या खेपा. त्याहून मोठी गोष्ट अशी की घर एकदा सार्वजनिक ट्रस्टच्या मालकीचं झालं की आयुक्तांच्या परवानगीशिवाय ते विकता येत नाही. उद्या आजारपण आलं, मुलाकडे जावंसं वाटलं, तर तुमच्याच घराबद्दल तुम्हाला अर्ज करावा लागेल. वर पुनर्विकासाच्या कागदांत नवी गुंतागुंत. ज्या कामाचा अजून एक दिवसही झालेला नाही त्यासाठी डोक्यावरचं छप्पर देऊ नका. पाच वर्षांनी, दहा माणसं मनापासून हे चालवत असतील, पैसा गोळा होत असेल, तेव्हा ट्रस्टचा विषय काढा, आणि तेव्हाही घर बाजूला ठेवून.

तिसरा पर्याय तुम्ही लिहिला नाहीत, पण तो न बोलावता दारात येणार आहे. क्लास. पार्ल्यात चित्रकलेच्या बाईंनी दार उघडं ठेवलं की आठवड्याभरात चार आया येऊन विचारणार, "एलिमेंटरी, इंटरमिजिएटची तयारी करून घ्याल का? दहावीला मार्क मिळतात ना!" तुम्ही भिडस्त आहात हे पत्रावरून दिसतंच आहे. एकीला हो म्हणालात की स्मरणचित्रात गणपती विसर्जन, संकल्पचित्रात गालिचा, आणि सहा महिन्यांत तुम्ही परत नोकरीवर. क्लास घेणं वाईट नाही, हवा असेल तर उघडपणे फी लावून घ्या. पण तो सार्वजनिक खोलीच्या नावाखाली नको. आयांना सांगायचं वाक्य आधीच ठरवून ठेवा : "इथे मीसुद्धा माझं चित्र काढत असते, शिकवत नाही. मुलाला बसायचं तर बसू दे."

आणि हे वाक्य खरं करायचं. माझा मुख्य सल्ला हाच आहे. आठवड्यातून एकदा, समजा शनिवारी, चार ते सहा, आठ-दहा माणसं. प्रत्येकाने आपलं सामान आणायचं, कागद आणायचा. तुमचा ईझल आहे तिथेच, उजेडाच्या बाजूला. तुम्ही त्या दोन तासांत तुमचं काम करायचं. कोणी काही विचारलं तर सांगायचं, पण उठून फेऱ्या मारायच्या नाहीत. पहिले काही शनिवार तुमचे पाय शिवशिवतील, ३१ वर्षांची सवय आहे. बसून राहा. चौदा बाय अकराच्या खोलीत रॅक ठेवूनही आठ ड्रॉइंग बोर्ड मावतात. मुलं जमिनीवर, ज्येष्ठांना प्लॅस्टिकच्या खुर्च्या. बाकीचे सहा दिवस खोली तुमची, आणि त्याची लाज नको.

फुकट ठेवायचं की नाही, हेही विचारलंत. फी नको, कारण फीबरोबर क्लास येतो. पण सगळंच तुमच्या खर्चाने नको. दारापाशी एक डबा ठेवा, झाकणाला फट पाडलेला, ज्याला जे वाटेल ते तो टाकेल. त्यातून कार्ट्रिज पेपरची रिमं आणि कॅमलच्या बाटल्या येतील, ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी. डब्याचा हिशेब मात्र तुम्ही ठेवू नका. एखाद्या नववीतल्या मुलीकडे वही द्या, ती पै न् पैचा ठेवते.

तुमच्या मनात घरकामाला येणाऱ्या ताईंच्या मुली आहेत, त्याबद्दल. इच्छा चांगली आहे, पण त्यांची खरी अडचण तुमच्या दाराच्या पन्नास पावलं अलीकडे आहे. गेटवर वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नाव, वेळ, ‘कोणाकडे’ आणि ‘काम’ असे रकाने असतात. त्या मुलींची आई तिथे रोज ‘काम’च्या रकान्यात जाते. मुलगी आली की वॉचमन काय लिहिणार? सेक्रेटरी म्हणाले ते ‘कोणीही’ म्हणजे कोण, हे आपल्या दोघींनाही कळतं. दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनीअर आला असता तर ते ‘कोणीही’ नसता. म्हणून पहिल्या दिवशी वॉचमनशी स्वतः बोला, त्याला नावांची यादी द्या, आणि त्या रकान्यात ‘चित्र’ असं लिहायला सांगा. हे छोटं वाटतं, पण तुमच्या सगळ्या खटाटोपातलं कदाचित हेच सगळ्यात सार्वजनिक काम असेल. शिवाय त्या मुलींना शनिवारी चारला वेळ असतो का, हे विचारलंत का? त्या वेळी त्या धाकट्या भावंडांना सांभाळत असतात. वेळ त्यांना विचारून ठरवा, मग बाकीच्यांना कळवा.

सेक्रेटरींशी भांडू नका. त्यांचा मुद्दा सगळा चुकीचाही नाही. दारावर पाटी लागली, फी सुरू झाली, रोजची ये-जा वाढली की घराचा वापर बदलला असं कोणीही म्हणू शकतं, आणि मग सोसायटीच्या उपविधींपासून महापालिकेपर्यंत सगळे नियम जागे होतात. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मुंबईत २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, तुमचं घर त्यात बसतं, पण वापर निवासी असेल तरच. विजेचंही तसंच, घरगुती मीटरवर धंद्याचा वापर दिसला तर जास्तीच्या दराने आकारणी होऊ शकते. याउलट आठवड्यातून दोन तास ओळखीची आठ माणसं येणं हे भजनी मंडळ बसण्यासारखंच आहे, आणि भजनी मंडळाला हरकत घेणारा सेक्रेटरी अजून जन्माला यायचाय. म्हणून पाटी नको, फी नको, व्हॉट्सॲपवर फिरणारं पोस्टर तर मुळीच नको. ‘स्टुडिओ’, ‘सेंटर’, ‘आर्ट स्पेस’ असं काही नावच देऊ नका. शनिवारची चित्रं म्हणा.

तरी कमिटीला एक पानाचं पत्र द्या, परवानगीचा अर्ज म्हणून नव्हे, माहिती म्हणून. वार, वेळ, जास्तीत जास्त किती माणसं, चपला कुठे काढणार, गाड्या आत येणार नाहीत, सहा वाजता बंद म्हणजे बंद. त्यावर पोच घ्या. शेवटी एक ओळ : सोसायटीच्या सभासदांच्या मुलांना आणि ज्येष्ठांना पहिला मान. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते, तिथे कोणीतरी विषय काढणारच. सभेत तुमच्या बाजूने बोलायला तुम्ही एकट्या नसाव्यात एवढं बघा. आणि मोठी प्रदर्शनं भरवायची हौस असेल तर ती घरात नको. पार्ल्यात हॉलची वाण नाही, चार दिवसांसाठी एखादा घ्या. जहांगीरच्या बाहेरच्या फुटपाथवर तर किती चित्रकार भिंतीला कॅनव्हास टेकवून वर्षानुवर्षं बसले आहेत. चित्र दाखवायला खोली लागतेच असं नाही.

पुनर्विकासाकडे तुम्ही संकट म्हणून बघताय. मला त्यात संधी दिसते. सध्या सभासद आपापल्या मागण्या लिहून देत असतील, कार्पेट एरिया किती, पार्किंग किती, बिल्डरकडून कॉर्पसची रक्कम किती. नव्या इमारतीत सोसायटी ऑफिस आणि जिम बहुतेक मिळतेच, आणि जिममधली ट्रेडमिल दोन वर्षांत कपडे वाळत घालायला लागते. तुम्ही लिहून मागा : तळमजल्यावर किंवा पोडियमवर एक बहुउद्देशीय खोली, उत्तरेला खिडकी, आत एक खोल सिंक आणि शेजारी स्वच्छतागृह. (बघा, बाथरूम पुन्हा आलंच!) आज एकट्या तुम्ही मागितलीत तर कोणी लक्ष देणार नाही. वर्षभर शनिवारी ज्यांची नातवंडं तुमच्याकडे बसली आहेत अशा सहा घरांनी मागितली तर ती मागणी आर्किटेक्टपर्यंत पोचते. सार्वजनिक खोली सार्वजनिक जागेतच असावी, तुमच्या हॉलमध्ये ती फक्त वाढीला लागली आहे असं समजा.

सुरक्षेच्या दोन गोष्टी, तुम्हाला बहुतेक ठाऊक असलेल्या, पण घरात एकटीने काम करताना आपण ढिले होतो म्हणून. तुम्ही तैलरंगात काम करता. जवसाच्या तेलाने माखलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर तेल वाळताना हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन उष्णता तयार होते, ती घडीत कोंडली की फडकं काडी न लावता पेटू शकतं. ती पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, आणि शनिवारी टर्पेंटाइनची बाटली कपाटात कुलपात. त्या दोन तासांत सगळ्यांना जलरंग, पोस्टर, पेन्सिल, फार तर लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून काढायचा छाप). लिनोला प्रेस लागत नाही, चमच्याची पाठ घासली की छाप उठतो, मुलं वेडी होतात. प्लास्टर ऑफ पॅरिस सिंकमध्ये धुऊ देऊ नका, पाइपात दगड होतो आणि तळमजला तुमचा आहे.

दुसरी गोष्ट, लहान मुलं असताना खोलीत तुमच्याशिवाय आणखी एक मोठं माणूस हवंच. तुम्हाला कोणी काही म्हणेल म्हणून नाही, तुम्ही आत पाणी प्यायला गेलात तरी खोली मोठ्यांविना राहू नये म्हणून. आणि मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत, चित्रांचे खुशाल टाका.

सुरुवात जुलैत नको. गल्लीत पाणी भरलं की अर्धी माणसं येत नाहीत, कागद लोळागोळा होतो, आणि पहिल्या दोन शनिवारी तिघंच आली की तुमच्यासारखी माणसं ते स्वतःवर घेतात. गणपती झाले की सुरू करा.

आता तिसऱ्या मजल्यावरचे ते ड्राफ्ट्समन. तुम्ही त्यांचा उल्लेख गंमत म्हणून केलाय. माझ्या मते अख्ख्या पत्रातलं सगळ्यात कामाचं माणूस ते आहेत. ज्याने आयुष्यभर टी-स्क्वेअर धरला त्याचा हात निवृत्तीनंतर काय करत असेल, विचार करा. "आज काय काढताय?" हा प्रश्न ते तुमची चौकशी म्हणून विचारत नसावेत. त्यांना आत यायचंय. तुम्ही उत्तर काय देता हे लिहिलं नाहीत. "काही नाही हो" म्हणत असाल तर पुढच्या वेळी म्हणा, "काही सुचत नाहीये, आत या, बोर्ड देते." सुरुवात दोघांपासून झाली तरी चालेल.

चारेक महिने झाले आणि ते नेमाने येत असले की स्टेशनबाहेर दाराची दुसरी किल्ली करून घ्या आणि त्यांना द्या. आतल्या खोलीला वेगळं कुलूप लावा, त्यात संकोच नको. मग एका शुक्रवारी मुलाकडे बेंगळुरूला जा. शनिवार तुमच्याशिवाय होऊ द्या. किती जण आले म्हणून फोन करू नका. झाला नाही, तर आपण अजून चहाच देतोय हे कळेल आणि पुढे काय बदलायचं ते बघता येईल.

परत याल तेव्हा सिंकमध्ये न धुतलेले ब्रश पडलेले असणार. धुऊ नका. पोस्टर कलरचे असतील तर भिजत घातले की सुटतील. ॲक्रिलिकचे असतील तर ते गेले, आणि ज्याचे गेले तो पुढच्या शनिवारी धुवेल.